जुनी मेजॉलिका घेताना आधी बूड बघा

नवीन असाल तर माझं ऐका, समोरची फुलं-पानं बघून भाळू नका, आधी भांडं उलटं करा. व्हिक्टोरियन मेजॉलिका म्हणजे रंगीत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, दिलेली मातीची भांडी, 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात मिंटन या इंग्लिश कंपनीने मांडलेली, लिऑन आर्नू या त्यांच्या फ्रेंच माणसाने शिशाच्या ग्लेझवर मेहनत घेऊन बनवलेली, आणि त्या काळातल्या चांगल्या कारखान्यांनी बुडालाही रंग दिलाय. जॉर्ज जोन्स या दुसऱ्या इंग्लिश कारखान्याच्या भांड्याचं बूड तर एकदा नीट बघितलं की विसरत नाही, हिरवा-तपकिरी ठिपकेदार ग्लेझ, मध्येच एक छोटा पांढरट डाग मुद्दाम सोडलेला आणि त्यात हाताने लिहिलेला पॅटर्न नंबर. आताच्या नकला बहुतेक बुडाला कोऱ्या पांढऱ्या, वजनाला हलक्या, रंग एकमेकांत ओघळलेले.

मिंटनच्या बुडावरच्या ठशात नावाच्या शेवटी एस असेल तर साधारण 1873 नंतरचा, ‘इंग्लंड’ असेल तर बहुतेक 1891 नंतरचा, कारण अमेरिकेने तेव्हा देशाचं नाव सक्तीचं केलं. पण ठसा नाही म्हणून लगेच सोडूही नका, बरेच मस्त पीस बिनठशाचेच असतात.

ऑनलाइन घेताना कड, हँडल, चोच यांचे जवळून फोटो मागा, विक्रेता टाळाटाळ करायला लागला की सोडून द्या. हातात आलं की अंधारात यूव्ही टॉर्च मारा, रिपेअर केलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. ग्लेझमधल्या बारीक रेषा असणारच, मी तरी तो दोष मानत नाही, पण आरपार तडा असेल तर टिचकी मारल्यावर आवाज बद्द येतो, तिथे किंमत पाडून मागा. आणि हो, त्यात खायचं काही वाढू नका, ग्लेझमध्ये शिसं आहे.