किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा घागरा) घालून रोजची बाहेरची कामं खरंच करता येतात का?

येतात. मी स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात राहतो आणि लाकडं फोडणं, कुंपण दुरुस्त करणं, कोंबड्यांचं खुराडं साफ करणं ही कामं किल्टमध्येच करतो. इथेही बहुतेकांचा किल्ट फक्त लग्नात बाहेर निघतो, हे मात्र खरं.

मुळात हा कष्टकऱ्यांचाच पोशाख. जुना मोठा किल्ट म्हणजे लोकरीचं लांबलचक कापड: दिवसा कमरेला पट्ट्याने बांधायचं, रात्री तेच पांघरून झोपायचं. त्याचा वरचा भाग कामात अडतो, म्हणून अठराव्या शतकात फक्त खालचा, छोटा किल्ट रूढ झाला. 1746 च्या कायद्याने त्यावर बंदी आली, ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरोला आला, तेव्हाच्या थाटामाटानंतर किल्ट समारंभाचा पोशाख म्हणून मिरवू लागला.

इथे पाऊस नसला तरी गवत ओलंच असतं. पँट गुडघ्यापर्यंत भिजली की दिवसभर पायाला चिकटून गारठवते. किल्ट गुडघ्याशीच संपतो, आणि उघडे पाय पुसले की कोरडे. कोकणात भातलावणीला धोतर वर खोचतात, ते याचसाठी. शिवाय जाड लोकर दमट झाली तरी ऊब धरते, आणि मागच्या चुण्यांमुळे वाकायला, लांब ढांग टाकायला मोकळं वाटतं.

पण लग्नातला आठ यार्डांचा किल्ट कामाला काढू नका. जाड सुती कापडाचे, खिसे असलेले कामाचे किल्ट मिळतात. ते धुवायला सोपे, पण भिजल्यावर लोकरीइतके उबदार राहत नाहीत. म्हणून थंडीत मी जुना लोकरीचाच घालतो. पुढे लटकणारा स्पोरन, म्हणजे किल्टवरचा बटवा, कमरेच्या बाजूला सरकवावा, नाहीतर वाकलं की मध्ये येतो.

गुडघे टेकून खुरपायचं असेल तर गुडघ्यांना पॅड बांधा. शिडीवर चढायचं असेल किंवा चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळी करवत) चालवायचा असेल, तर सरळ पँट घाला. चेनसॉसाठी तर खास संरक्षक पँटच हवी, त्यात तडजोड नको.

सगळ्यात जपायचं ते गोचिडांपासून. इथल्या उंच नेच्यांत आणि गवतात त्या असतात, आणि त्यांच्या चाव्याने लाइम रोग होऊ शकतो. लांब लोकरी मोजे घाला आणि रोज संध्याकाळी गुडघ्यांच्या मागे, मांड्यांवर, जांघेत नीट बघा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. नंतर तिथे लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.