पुण्याहून मांडव्यापर्यंत सायकल कशी न्यावी?

डिसेंबरात अलिबागजवळच्या मांडव्याहून गोव्यापर्यंत किनाऱ्याने सायकल चालवायची आहे, तर पुण्याहून मांडव्याला सायकलवरच जावं की गाडीने, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, रेल्वेने मुंबई आणि तिथून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट.

पहिल्या खेपेला मी पुण्याहून सायकलवरच निघालो. लोणावळा, खोपोली, पेण करत अलिबाग, एका दिवसात जवळजवळ दीडशे किलोमीटर. घाटाचा उतार मजेत गेला, पण पेणच्या पुढे उन्हात पाय ओढत राहिलो. दुसऱ्या दिवशी काशिदच्या अलीकडचा चढ सायकल हातात धरून चढलो. या रस्त्यावर एकेक खाडी ओलांडली की पुन्हा चढ असतोच, आणि त्यासाठी पाय ताजे लागतात.

ताम्हिणीतून माणगावला उतरून थेट दिवेआगरही गाठता येतं. पण मग चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मुरुड मागे राहतात. मला तरी तो भाग सोडवत नाही.

रेल्वेत सायकल 'लगेज' म्हणून बुक करा, 'पार्सल' म्हणून नको. लगेज तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून येतं. पार्सल जागा मिळेल त्या गाडीने जातं आणि तुम्ही मुंबईत वाट बघत बसता. गाडीही पुण्यात सुटणारी आणि सीएसएमटीला संपणारी घ्या, उदाहरणार्थ डेक्कन क्वीन. मधल्या स्टेशनावर दोन-चार मिनिटांत सायकल चढवायची-उतरवायची धावपळ टळते. पॅकिंग लागेल का, ते आदल्या दिवशीच पार्सल ऑफिसात जाऊन विचारा, आणि निघायच्या दिवशी दीड तास आधी पोहोचा. पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून-कुठे हे लिहून दोन ठिकाणी बांधा. पंप, दिवा, बाटली काढून स्वतःजवळ ठेवा. मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाका. डिरेल्यर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, चाकाकडे सरकतो आणि शेजारच्या खोक्याचा धक्का लागला तरी सहसा वाकत नाही.

सीएसएमटीहून भाऊचा धक्का जवळच आहे, सायकलवरच जा. रो-रोचं तिकीट आधी काढा, शनिवार-रविवारी गर्दी असते. तासाभरात मांडवा. धक्क्यावरून मांडव्याजवळच्या रेवसची लाँचही सुटते, स्वस्त पडते, पण रेवसला ओहोटीत गाळाचा त्रास होतो, म्हणून ती धरायची असेल तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघा.

त्या दिवशी फक्त अलिबागपर्यंत, वीसेक किलोमीटर चालवा. गिअर-ब्रेक नीट बसलेत का ते त्यात कळतं आणि काही बिघडलं असेल तर अलिबागेत दुकान सापडतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दुपारी आगरदांड्याला दिघीची फेरीबोट धरलीत, तर अंधार पडायच्या आत दिवेआगरला पोहोचाल.