पोरगं 26 वर्षांचं आहे, मोबाईल कसा काढून घेऊ?

‘पोरगं लहान असतं तर दोन रट्टे देऊन मोबाईल काढून घेतला असता. आता एवढ्या घोड्याला काय करायचं, सांगा की मॅडम.’

सांगलीत विश्रामबागला मी समुपदेशन करते. गेमच्या नादी लागलेल्या थोराड मुलांचे आईवडील हा प्रश्न घेऊन सतत येतात. शाळकरी मुलांच्या मोबाईलबद्दल पुष्कळ बोललं जातं. पण शिक्षण झालंय, नोकरी नाही, स्थळं बघायचं वय आहे आणि पोरगं पहाटे चारपर्यंत गेम खेळतंय, अशा घरातली माणसं चारचौघांत अवाक्षर काढत नाहीत. म्हणून तासगाव तालुक्यातल्या एका घराची हकिगत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुजित मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात राहून एमपीएससीची तयारी केली, पूर्वपरीक्षा दोनदा थोडक्यात हुकली आणि तो गावी परतला. घरची अडीच एकर द्राक्षबाग. अभ्यास घरीच करतो म्हणाला, वरची खोली घेतली. हळूहळू जेवणाचं ताट वर जायला लागलं. चुलत बहिणीच्या साखरपुड्यालाही तो खाली उतरला नाही. आईच्या बचत गटाचे पैसे वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या फोनवरून थोडे थोडे करत गेममधल्या खरेदीला गेले, तेही उशिरा कळलं.

स्फोट झाला ऑक्टोबर छाटणीनंतर. बाग फुलोऱ्यात आणि दोन दिवस पाऊस. अशा वेळी दावण्याची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाची फवारणी पाऊस उघडल्या उघडल्या घ्यावी लागते, उशीर झाला की घड हातचे जातात. अण्णांची कंबर धरलेली, म्हणून ब्लोअरचा, म्हणजे फवारणी यंत्राचा ट्रॅक्टर सुजितने चालवायचा ठरला होता. पहाटे आईने दार बडवलं. पोरगं तासाभरापूर्वीच झोपलेलं, उठलंच नाही. शेवटी अण्णांनीच ट्रॅक्टर काढला. निम्मी बाग झाली आणि पुन्हा पाऊस आला. घरी येऊन त्यांनी त्याचा मोबाईल फरशीवर आपटला. सुजितने आतून कडी लावली आणि दिवसभर अन्न घेतलं नाही. त्यानंतर दोघं नवराबायको माझ्याकडे आले, आणि आईच्या पुष्कळ विनवण्यांनंतर चार दिवसांनी तोही आला.

मी सुजितशी आधी एकट्याशी बोलले. गेमचा विषय काढण्याआधी विचारलं, जीव नकोसा वाटतो का, मरणाचे विचार येतात का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट माणूस मोकळा होतो. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘आपण नसलो तरी घरचं काही अडणार नाही असं वाटतं. मोबाईल फुटला त्या रात्री जास्त वाटलं.’

त्याची परवानगी घेऊन त्याच दिवशी अण्णांना सांगितलं की बागेची सगळी औषधं कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या कमरेला, आणि काही दिवस त्याला एकट्याला सोडू नका. द्राक्षाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं हाताशी असतात. ती आवाक्याबाहेर ठेवली की रागाच्या भरातले जीव वाचतात, हे जगभर मान्य झालेलं आहे. मोबाईल एकदम हिसकावण्याला माझा ठाम विरोध आहे तो यामुळेच. सवय जडलेल्या माणसाचा गेम अचानक बंद झाला की चिडचिड, अस्वस्थता, उदासी उसळते. त्या अवस्थेत तो घरात एकटा, अपमानित आणि चिडलेला असणं हा गेमपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, कारण औषध द्यायचं की नाही हे समुपदेशकाने ठरवायचं नसतं. नैराश्य निघालं आणि गोळ्या सुरू झाल्या. खूप खेळणाऱ्या मुलांच्या मागे नैराश्य, चिंता किंवा लहानपणापासूनची चंचलता दडलेली असणं नवं नाही. ते न तपासता नुसतं ‘व्यसन, व्यसन’ करत राहिलं तर मूळ दुखणं तसंच राहतं.

मग हे व्यसन होतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. ते 2019 मध्ये मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. किती तास खेळलं म्हणजे आजार, असा आकडा त्यात नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीचं सगळं त्यापुढे दुय्यम होत जातं, नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही, आणि साधारण वर्षभर हे चालून शिक्षण, काम, नाती यांना मोठा फटका बसतो, असं चित्र असलं तर तो आजार. रविवारी चार तास खेळून सोमवारी कामावर जाणारा मुलगा यात बसत नाही. सुजित बसत होता.

दुसऱ्या भेटीत त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, मला तुझा गेम समजावून सांग. आदल्या वेळी एकेका शब्दावर अडणारा मुलगा घडाघडा बोलायला लागला. 100 खेळाडू बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जातं, शेवटी एक टीम उरते. कुठल्या डोंगराआडून कसं शिरायचं हे त्याने बाणांनी काढून दाखवलं. त्याच्या टीममध्ये नागपूरचा एक, इंदूरचे दोन. डाव कसा टाकायचा ते सुजित ठरवायचा. ‘मी थांबा म्हटलं की तिघं थांबतात, मॅडम.’ हे सांगताना तो ताठ बसला होता.

मी विचारलं, घरी तुझ्या शब्दावर काय हलतं? तो हसला फक्त. बागेतलं काही सुचवलं की अण्णांचं एकच वाक्य, ‘तुला काय कळतंय?’

एक वही दिली आणि रोज तीनच गोष्टी लिहायला सांगितलं, कधी खेळायला बसला, कधी उठला, आणि बसण्याआधी काय घडलं होतं. दोन आठवड्यांची वही वाचताना एक पान ठळक दिसलं. त्या रात्री तो उजाडेपर्यंत खेळला होता. आधी काय घडलं याखाली लिहिलेलं, ‘चौकात फ्लेक्स लागला.’ पुण्यातला त्याचा रूम पार्टनर फौजदार झाला होता. त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स, खाली गावातल्या वीसेक जणांचे फोटो, आणि दूध घालायला जाताना सुजितला रोज त्याखालूनच जायचं होतं. परीक्षेच्या निकालाला वर्ष वर्ष लागतं, तोही हुलकावणी देतो. गेममध्ये अर्ध्या तासात निकाल, हरलं तर लगेच दुसरा डाव, जिंकलं तर रँक वर. शिवाय रोज हजेरी लावल्याचं बक्षीस, ठराविक मुदतीचा सीझन, मग रँक खाली आणि पुन्हा चढाई. माणूस उठू नये अशीच ती बांधणी असते. सुजितला नुसता आळशी म्हणणं मला अन्याय वाटतो. दिवसभर ज्या मनाला कुणी विचारत नाही, ते रात्री जिथे किंमत आहे तिथे जातं.

घरच्यांना वाटलं होतं, गेमवरच बंदी यावी म्हणजे सुटलो. 2 सप्टेंबर 2020 ला पब्जीवर बंदी आली तेव्हा सुजित कॉलेजात होता. आठवड्याच्या आत दुसरा गेम धरला, आणि जुलै 2021 मध्ये बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतीय अवतार आल्यावर त्यावर गेला. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आहे, ती गोष्ट वेगळी. घरात तसलं काही चालू असेल तर कर्जाचीही चौकशी करा.)

आम्ही सुरुवात झोपेपासून केली. रात्री साडेअकरानंतर नवा डाव नाही, चार्जर मधल्या खोलीत. टीमलाही त्याने स्वतः तसं सांगितलं. न सांगता गायब झालो तर गद्दारी होईल असं त्याला वाटत होतं, आणि ते मला रास्त वाटलं. आईला एक गोष्ट समजावली की हा डाव मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता जेवायला ये’ म्हटलं की भांडण ठरलेलं. ‘डाव कधी संपतोय?’ असं विचारा आणि संपला की ताट वाढा, पण खालीच. ताट वर न्यायचं बंद. अण्णांच्या फोनचा पिन बदलला. देवापुढे नेऊन शपथ घालायचा आईचा बेत होता, तो मी मोडून काढला. अशी शपथ मोडली की मुलगा खेळणं लपवायला लागतो आणि वरून पापाचं ओझं.

सगळ्यात अवघड होते अण्णा. मी म्हटलं, बागेतला एक निर्णय पूर्ण त्याच्याकडे द्या. ‘बाग म्हणजे पोरखेळ हाय व्हय?’ म्हणून ते उठून गेले. पुढच्या खेपेला मात्र स्वतःच म्हणाले, हवामान बघून फवारणी कधी घ्यायची ते त्यानं सांगावं, नोंदवहीपण त्यानंच ठेवावी. निर्यातीच्या द्राक्षाला औषधाच्या अंशाची तपासणी असते, त्यामुळे कुठलं औषध कधी मारलं आणि काढणीला किती दिवस उरलेत, याचा हिशेब चोख लागतो. सुजितला ते जमलं. एकदा त्याने ‘आज नको, दुपारनंतर पाऊस आहे’ सांगितलं आणि अण्णा थांबले. पाऊस आला. अण्णांनी कौतुक केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

सरळ रेषेत काही झालं नाही. मार्चमध्ये मित्राच्या लग्नाहून आल्यावर तो सलग तीन रात्री खेळला आणि भेटीला यायचंही टाळलं. घसरण होते. त्या वेळी ‘आता संपलंच’ असं घरच्यांनी म्हणू नये, एवढं मी आधीच सांगून ठेवलेलं होतं. आज तो शनिवार-रविवार खेळतो, पहाटे उठतो, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होताहेत. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, यावर घरात अजून वाद आहेत.

‘आमचा येतच नाही हो’ असं म्हणणाऱ्यांनी मुलाची वाट बघत थांबू नये. आधी तुम्ही या. घरातलं बोलणं बदलायला, पैशाची वाट बंद करायला, औषधं कुलपात ठेवायला त्याच्या होकाराची गरज नाही. जवळ कुणी समुपदेशक नसेल तर 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येतं. आणि मुलगा मरणाची भाषा करत असेल, तर ती धमकी समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखाना गाठा.