रक्तातली दुखण्याची गोळी घरी मोजता येते का?

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे. गुडघ्यांसाठी रोज पॅरासिटामॉल ६५०च्या तीन-चार गोळ्या घेते, सर्दी झाली की आणखी वेगळी गोळी. रक्तातलं औषध मोजणारी, शुगर मीटरसारखी पट्टी निघाली आहे म्हणतात. आणावी का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: केमिस्टकडून आणावी अशी पट्टी अजून माझ्या पाहण्यात नाही. पण त्यामागचं काम खरं आहे. परळच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये माझी नोकरी झाली, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा.

अशा पट्टीवरच्या कार्बनच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे वीज पोचवणाऱ्या टोकाला, साधारण अर्धा व्होल्ट दिला की पॅरासिटामॉलचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. औषध जास्त, तर विजेचा प्रवाह जास्त. विलक्षण म्हणजे इलेक्ट्रोडवर त्याचं जे संयुग बनतं, तेच थोड्या प्रमाणात यकृतातही बनतं. तिथलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य ते घातक संयुग लगेच निकामी करतं. डोस बेसुमार झाला की ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात.

घोडं अडतं ते रक्तापाशी. क जीवनसत्त्व आणि युरिक ॲसिडही साधारण तेवढ्याच व्होल्टला इलेक्ट्रॉन सोडतात, शिवाय प्रथिनं इलेक्ट्रोडवर चिकटून बसतात. म्हणून संशोधक त्यावर नाफिऑन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा ऋणभारित लेप देतात. ऋणभार असलेले क जीवनसत्त्व आणि युरिक ॲसिड बाहेर अडतात, भार नसलेलं पॅरासिटामॉल आत शिरतं. उलटंही घडतं बरं का: पॅरासिटामॉलमुळे काही शुगर मीटर साखर चुकीची दाखवतात.

आता आईंचं. एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या, तर चार तासांनंतर रक्त तपासतात. मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा देतात. ते आठ तासांच्या आत दिलेलं उत्तम. पण दिवसेंदिवस थोडं थोडं जास्त घेणाऱ्याला हा हिशोब लागू पडत नाही. पट्टी हाती असती तरी नुसत्या आकड्यावरून आईंचं यकृत कळलं नसतं, त्यासाठी एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासावं लागतं.

चार गोळ्यांचे २६०० मिलिग्रॅम झाले. सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटून बघा, त्यातही बहुधा ३२५ किंवा ५०० पॅरासिटामॉल असेल. मोठ्या माणसाला दिवसाला ४००० ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टर ती खाली आणतात. सगळी पाकिटं पिशवीत घालून या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. आईंना मधुमेह असेल तर घरचा शुगर मीटरही सोबत न्या.