सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, अँजिओग्राफी करायची का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. सात वर्षांपासून अल्झायमर आहे. आम्हाला नावाने ओळखत नाहीत, पण घरातल्या घरात चालतात, हाताने जेवतात आणि दिवसभर वाती वळत बसतात. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, दोन उलट्या झाल्या. सारख्या पदर चुरगाळत होत्या, डाव्या खांद्याला हात लावू देईनात. दुखतंय का विचारलं तर "नाही" म्हणाल्या. आम्हाला पित्त वाटलं, लिंबू-साखरेचं पाणी दिलं. ईसीजी निघेपर्यंत पाच तास गेले होते. मोठा हार्ट अटॅक निघाला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे आयसीयूत त्या सलाइन उपसू लागल्या म्हणून हात बांधले. दोन दिवस आम्हाला फक्त काचेतून बघू दिलं. त्या इतक्या बिथरल्या होत्या की अँजिओग्राफी (डाय म्हणजे रंगद्रव्य सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढणं) तेव्हा झालीच नाही. घरी आल्यापासून वाती वळत नाहीत, रात्री झोपत नाहीत, गोळ्या थुंकतात. औषधांची यादी सोबत जोडली आहे. आता डॉक्टर अँजिओग्राफी करून घ्या म्हणतात. पुण्याचे दीर म्हणतात, पैशाकडे बघू नका, सगळं करा. माझे मिस्टर म्हणतात, आईचे आणखी हाल नकोत. आमचं चुकलं का? आता काय करावं?
— एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या पाच तासांबद्दल बोलते, कारण तेच तुमच्या मनात सलतंय.

"छातीत दुखतंय" एवढं सांगायला माणसाला किती गोष्टी जमाव्या लागतात बघा. कळ कुठून येते ते उमगायला हवं, त्याला शब्द सापडायला हवा, आणि प्रश्न विचारला जाईपर्यंत ते लक्षात राहायला हवं. अल्झायमरमध्ये हे धागे एकेक करून तुटतात. म्हणून अशा रुग्णाचं "नाही" हे उत्तर धरायचं नसतं. घाम, उलटी, धाप, अचानक वाढलेला गोंधळ, जेवणावरची वासना उडणं, एखाद्या अंगाला हात लावू न देणं, हीच त्यांची भाषा. तुमच्या सासूबाईंनी खांद्याने सांगितलं होतं. ते तुम्हाला कळलं नाही, कारण आम्ही डॉक्टर मंडळी हे घरच्यांना आधी कधी सांगतच नाही. ईसीजी लवकर निघाला असता तर हृदयाचा जास्त स्नायू वाचला असता, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ते इंजेक्शन पहिल्या १२ तासांत उपयोगी पडतं आणि तुम्ही त्या मुदतीत पोचलात. पुन्हा असं काही दिसलं तर मात्र पित्त समजून थांबू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढायला लावा.

आता हात बांधण्याबद्दल. गुठळी विरघळवणाऱ्या औषधानंतर रक्त लवकर थांबत नाही. सुई उपसली तर रक्तस्राव होईल, ही सिस्टरांची भीती खरी असते. तरीही बांधणं हा शेवटचा उपाय असायला हवा. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, त्याचं हृदय आणखी जोरात धावतं, मग झोपेचं औषध दिलं जातं आणि त्याने गोंधळ उलट वाढतो. याला डिलिरियम म्हणतात. हा अल्झायमरचा पुढचा टप्पा नव्हे. तो वेगळा आणि बराचसा टाळता येण्याजोगा आजार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर दाखल होते. स्मृतिभ्रंश मध्यम, अटॅक मोठा. त्यांची अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं, मनगटातून केली, म्हणजे नंतर पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहायची गरज उरली नाही. टेबलाजवळ त्यांचा मुलगा शिशाचा एप्रन घालून उभा होता, त्यामुळे तो वेळ शांत गेला. रात्री मात्र ते मॉनिटरची वायर धरून दोनदा ओढायचे, थांबायचे, पुन्हा दोनदा ओढायचे. सिस्टरांनी तीन वेळा वायरी परत चिकटवल्या. शेवटी नातू म्हणाला, "अहो, आजोबा डबल बेल देताहेत. गाडी सोडताहेत." त्याने पलंगाच्या कठड्याला गॉजची पट्टी बांधून तिचं टोक त्यांच्या हातात दिलं. आम्ही वायरी पाठीमागून फिरवल्या, सुईवर जाड पट्टी बांधली आणि वरून त्यांचाच फुल बाहीचा शर्ट घातला. ती पट्टी ते पहाटेपर्यंत ओढत राहिले. सुई जागची हलली नाही. त्या रात्री झोपेचं एकही इंजेक्शन लागलं नाही.

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. नातू काचेच्या बाहेर असता तर आम्हीही हात बांधले असते. म्हणून पुन्हा दाखल करायची वेळ आली तर घरातलं एक माणूस जवळ राहील असा आग्रह धरा, भांडायला लागलं तरी चालेल. सोबत त्यांचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि हो, कापसाचं पुडकंही न्या.

आता मुख्य प्रश्न. दीर आणि तुमचे मिस्टर, दोघांचंही प्रेमच बोलतंय. पण दोघं दोन वेगळ्या वेळांबद्दल बोलताहेत. त्या पहाटे तुम्ही तासाभरात कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) असलेल्या दवाखान्यात पोचला असतात आणि मला विचारलं असतंत, तर चालणाऱ्या, हाताने जेवणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईला मी अँजिओप्लास्टी सांगितली असती. अल्झायमर आहे म्हणून नको, असं म्हटलं नसतं. बंद नळी, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी, वेळेत उघडली की दुखणं थांबतं आणि पुढे हृदय कमजोर होऊन रात्र-रात्र उशाला तक्के लावून बसायची वेळ टळू शकते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाही गुदमरणं तेवढंच गुदमरवतं. हीच आजी अंथरुणाला खिळलेली असती, घास गिळता येत नसता, तर मात्र मी ऑक्सिजन, दुखणं थांबवायला मॉर्फिन आणि उशाशी घरचं माणूस, एवढंच सुचवलं असतं.

पण ती पहाट गेली. इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत अँजिओग्राफी करतात. तीन आठवड्यांनी, रुग्ण स्थिर असताना, हिशेब बदलतो. पूर्ण बंद राहिलेली नळी अटॅकनंतर तीन ते अठ्ठावीस दिवसांत उघडून स्थिर रुग्णांना फायदा होतो का, हे एका मोठ्या अभ्यासात तपासलं होतं. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हृदय कमजोर होणं, यात फायदा दिसला नाही. २०२४ साली ब्रिटनमधला ७५ वर्षं आणि त्यापुढच्या १५१८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांचं सरासरी वय ८२ होतं आणि विस्मरण असलेले, थकलेले रुग्णही त्यात घेतले होते. अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट घातलेला गट आणि फक्त औषधांवरचा गट, या दोघांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक या एकत्रित मोजमापात लक्षणीय फरक निघाला नाही. पुन्हा येणारे अटॅक तेवढे पहिल्या गटात कमी होते. हा अभ्यास ईसीजीत पूर्ण बंद नळी न दिसणाऱ्या अटॅकचा होता, तुमच्या सासूबाईंचा प्रकार वेगळा आहे. तो जशाच्या तसा लावता येणार नाही, पण वयाचा आणि प्रकृतीचा अंदाज त्यातून येतो.

म्हणून माझं मत असं. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत चालताना धाप लागत नसेल, पायावर सूज नसेल, खांदा धरून बसणं पुन्हा झालं नसेल, तर आता अँजिओग्राफी करू नका, औषधांवर ठेवा. यातलं काहीही झालं तर निर्णय पुन्हा करायचा, आणि तेव्हा अँजिओग्राफी हा हालांवरचा उपाय ठरू शकतो. तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग किती टक्के आहे, आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे. अँजिओग्राफीतल्या डायचा भार किडनीवर येतो. या विचारण्याला दीरांनाही सोबत न्या. फोनवरून ऐकलेलं आणि समोर बसून ऐकलेलं यात फार फरक पडतो.

औषधांच्या यादीत तुम्ही डोनेपेझिल आणि मेटोप्रोलोल दोन्ही लिहिलीत. पहिलं स्मृतीसाठी, दुसरं हृदयासाठी, पण दोन्ही नाडी मंद करतात. रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहा. मिनिटाला पन्नासच्या खाली गेली किंवा उठताना भोवळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री सुरू केलेली अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी मला खटकते. झोप न लागण्यात आणि गोंधळात तिचाच वाटा असू शकतो. ती हळूहळू कमी करून बंद करता येईल का, ते विचारा. स्वतःहून एकदम तोडू नका. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नका. त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून शौचाला काळी झाली तर लगेच दाखवा. गोळ्या थुंकतात असं लिहिलंत. सगळ्याच गोळ्या कुटून देऊ नका, मेटोप्रोलोलची हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात उतरतं. कुठली कुटायची आणि कुठली नाही, ते औषध दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घ्या. आणि सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही.

वाती थांबल्या, हे वाचून मला वाईट वाटलं. डिलिरियम उतरायला कधी कधी आठवडे, कधी महिने लागतात, आणि सगळंच परत येईल असं मी म्हणू शकत नाही. पण वळा म्हणून सांगू नका. त्यांच्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी कापूस मांडीवर ठेवा आणि शेजारी बसून तुम्ही स्वतः वळा. हात बघून हात चालतात. मला पंपिंगचा आकडा आणि नाडीची वही कळवा, आणि कापूस हातात घेतला का तेही लिहा.