खेड्यातले लोक व्हॉट्सॲपवर टाईप का करत नाहीत, नुसते व्हॉईस मेसेज का टाकतात?

तुम्ही विचारलंय की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर लिहून कोणीच उत्तर देत नाही, सगळे माईक दाबून बोलतात, हा शिक्षणाचा प्रश्न आहे का. माझ्या मते शिक्षणाचा थोडाफार, भाषेचा त्याहून कितीतरी जास्त.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, घरात अहिराणी. आई सातवी शिकलेली, पेपर रोज वाचते, अगदी कोपऱ्यातल्या जाहिरातींसकट. तरी टाईप करत नाही. कारण ती बोलते अहिराणी आणि लिहायचं म्हटलं की शाळेतली मराठी आठवावी लागते. "काय करी ऱ्हायना रे" असं तिला विचारायचं असतं, ते लिहायला घेतलं की आधी मनात "काय करतो आहेस" करायचं, मग कीबोर्डवर जोडाक्षरं शोधायची, 'ऱ्हा' तर मलाही पटकन सापडत नाही, आणि वरून धाकधूक की ग्रुपमधले गुरुजी ऱ्हस्व-दीर्घ काढतील. माईक दाबला की यातलं काहीच उरत नाही. गुगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून टाईप करायची सोय आणली तेव्हा मी मोठ्या हौसेने तिला शिकवली, पण ती अहिराणीत बोलली की फोन भलतंच लिहायचा, दोन दिवसांत सोडून दिलं तिने.

दुसरं म्हणजे आमच्याकडे फोन एकट्याचा नसतो. वडिलांना आलेला मेसेज स्पीकरवर लागतो, जेवता जेवता सगळं घर ऐकतं आणि उत्तरही दोघं-तिघं मिळून देतात. भावकीच्या ग्रुपवर माझी वहिनी आजवर एक शब्द बोललेली नाही, कारण तिथे सासरे आहेत, जेठ आहेत, डीपीला पण सप्तशृंगीचा फोटो. तीच वहिनी माहेरच्या बहिणींच्या ग्रुपवर चार-चार मिनिटं बोलते, हसते, रडते. त्यामुळे ग्रुपवर बायका गप्प आहेत म्हणजे त्यांना वापरता येत नाही असं कृपया धरू नका.

आणि याची एक बाजू मला अजून झोपू देत नाही. आमच्याच तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. चांगलं झालं, पण आमच्या ग्रुपवर अफवा आली ती आपल्या माणसाच्या आवाजात, "भो, पोरं संभाळा" म्हणत, आणि खुलासा आला तो सरकारी मराठीतल्या पत्रकाचा फोटो होऊन. तो झूम करून कोण वाचणार होतं?

म्हणून तुम्हाला एवढंच सांगेन, तुमच्या ग्रुपवर कांद्याचा भाव असो की फवारणीची माहिती, पीडीएफ टाकू नका. गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाकडून तिथल्या बोलीत एक मिनिटाचा मेसेज बोलून घ्या, आणि बायकांचा ग्रुप वेगळा काढा, तो बाईनेच चालवू दे.