"आता म्हातारा झालाय तो, जाऊ दे" असं आई म्हणते, मी काय करू?

प्रिय मैत्रिणी,

तू नऊ-दहा वर्षांची असताना सुट्टीत सख्खा मामा तुझ्याशी जे करायचा आणि वर "कोणाला सांगू नको" म्हणायचा, ते तू आईला आत्ता पस्तिशीत सांगितलंस आणि आई म्हणाली जाऊ दे, म्हातारा झालाय, तेव्हाचा काळ वेगळा होता, त्याला माफ कर. आता तोच मामा महिनाभर तुझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार आणि तिची मुलगी आठ वर्षांची. मी बोलले तर घर मोडेल का, इतक्या उशिरा बोलणं चूक आहे का, असं तू विचारतेस.

आधी भाची, बाकी सगळं नंतर. बहिणीशी आजच बोल, फॅमिली ग्रुपवर नको, मेसेज नको, भेटून नाहीतर फोनवर. सगळं सविस्तर सांगायची गरज नाही, "मामाने लहानपणी माझ्यावर लैंगिक अत्याचार केलेत, तो तुझ्या घरी राहायला नको" एवढं पुरे. "जरा लक्ष ठेव" असं गोलगोल बोलू नकोस, त्यातून कोणाला काही कळत नाही आणि महिनाभर रात्रंदिवस लक्ष कोणी ठेवूही शकत नाही. यासाठी आईची परवानगी लागत नाही. तो आधीही तिथे राहून गेला असेल तर बहिणीला सांग की मुलीला खोदून विचारू नको, तोंडात शब्द घालू नको, फक्त काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही हे तिला नीट कळू दे. ती काही बोललीच तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि पोलिसांना कळवायचं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं माहीत असेल तर कळवणं बंधनकारक आहे, आणि झालेला गुन्हा लपवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, घरातली मोठी माणसंसुद्धा त्यात आली. मुलीचा जबाब घरी येऊन, शक्यतो महिला अधिकारी घेते, तेही युनिफॉर्म न घालता, म्हणजे पोलिस स्टेशनच्या भीतीने गप्प बसायचं कारण नाही.

काळ वेगळा होता हे मला अजिबात पटत नाही. त्याला चूक आहे हे कळत नव्हतं तर "सांगू नको" कशासाठी म्हणायचा? हो, पॉक्सो 2012 मध्ये आला, त्याआधी मुलांसाठी देशभर लागू असा वेगळा कायदा नव्हता आणि पोरीलाच विचारायचे की तू तिकडे गेलीस कशाला, हे खरं. पण कायदा यायच्या आधी, 2007 मध्ये, केंद्र सरकारने 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि बहुतेकांनी तो कोणालाच सांगितला नव्हता. घडत तेव्हाही होतं गं, विचारत कोणी नव्हतं.

आणि उशीर म्हणशील तर ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं होतं, त्याचा रिपोर्ट 2017 मध्ये आला, त्यांना भेटलेल्या लोकांना पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला सरासरी जवळपास 24 वर्षं लागली होती. तू त्यांच्यातलीच एक आहेस. पुढच्या वर्षी तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत या लोकांची माफी मागितली, मुलांवर विश्वास ठेवला नाही याबद्दलसुद्धा. म्हणजे ज्यांनी ऐकून सोडून दिलं त्यांचीही जबाबदारी असते हे आता उघड बोललं जातं, आणि तुझ्या आईला हे कधीतरी ऐकावं लागेल. तिचा भाऊ आहे, तिला जड जाणार, पण ते ओझं तू उचलू नकोस.

घर मोडेल का, तर काही माणसं बोलणं टाकतील कदाचित. त्याची सुरुवात मामाने केलीय, तू नाही.

तक्रार करायची की नाही हे फक्त तू ठरव. तुझ्याबाबतीत घडलं ते 2012 च्या आधीचं, त्यामुळे पॉक्सो नाही, तेव्हाचा भारतीय दंड संहिता कायदा लागतो, गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते, लहान कलमांना असते, म्हणून अशा केसेस लढणाऱ्या वकिलाला आधी भेट, नातेवाइकांची मीटिंग नंतर. समुपदेशकाकडेही जा, एकटीने किती वर्षं सांभाळलंयस हे.

राहिलं माफीचं. आई माफ कर म्हणतेय, पण त्याने कधी मागितली का माफी? तुझ्या पत्रात तरी तसं कुठे नाही. तो येईल त्या कार्यक्रमाला जाऊ नकोस, आणि का आली नाहीस असं कोणी विचारलं तर खरं कारण सांगायचं की नाही ते त्या दिवशी तुला वाटेल तसं कर.

तुझी ताई